दमट हवेत घडीचा चाकू घ्यायचा तर स्टेनलेसच

पार्सलं उघडणं, दोऱ्या कापणं, एखादं फळ चिरणं, अशा घरच्या कामांना घडीचा चाकू कार्बन स्टीलचा घ्यावा की स्टेनलेसचा, आणि उघडलेलं पातं अडकवून ठेवणारं लॉक हवं का, असं तुम्ही विचारलंय.

स्टेनलेस. आमच्या घरात यावर जुना वाद आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही वेंगुर्ल्याकडचे. माझे भाऊजी पुण्याचे, चाकूंचे शौकीन. "स्टेनलेसला कसली धार? खेळणं आहे ते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एका चतुर्थीला ते आमच्याकडे होते. आदल्या रात्री माटवी, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं लटकवायची चौकट, बांधायची होती, बाहेर पाऊस कोसळत होता. नारळ, सुपारीचे घोस, कवंडळं, तवसं, सगळं सुंभाने बांधून वर लटकवायचं आणि दर गाठीला दोरी कापायची. भाऊजींनी त्यांचा लाकडी मुठीचा, कार्बनच्या पात्याचा चाकू काढला, तर तो उघडेचना. दमट हवेने मूठ फुगून पातं आवळून बसलं होतं. पकडीने ओढून काढलं, तर त्यावर तांबूस ठिपके. मग स्टुलावर चढून अख्खी माटवी मी माझ्या चाकूने बांधली. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा लाल, स्टेनलेसचा, मिटल्यावर 91 मिलिमीटरचा. भाऊजी म्हणाले, "नवी धार आहे म्हणून चालतोय." नवी नव्हती. सकाळी मीच दगडावर लावली होती.

कार्बनला धार पटकन लागते, हे मान्य. पण कैरी किंवा आवळा कापला की पातं काळं पडतं, फोडीला लोखंडाची चव येते, आणि न पुसता ठेवलं तर पावसाळ्यात रात्रीत गंज धरतो. स्टेनलेसमध्ये साडेदहा टक्क्यांहून जास्त क्रोमियम असतं, त्याच्या ऑक्साइडचा पातळ थर आतलं लोखंड सांभाळतो. धार उतरली की दगडावर वीसेक अंशात पातं धरून घासा. दगड नसेल तर चिनी मातीच्या कपाच्या बुडाची खरखरीत कडही चालते. "धार टिकत नाही" म्हणणाऱ्यांनी ती कधी लावलेली नसते.

लॉकचं म्हणाल, तर माझ्या चाकूला नाही. त्यामुळे टोक खुपसायचं काम त्याच्याने करू नये, पातं बोटांवर मिटतं. खोक्यात टोक खुपसायची सवय असेल तर लॉकवालाच घ्या. फणसाला घडीचा कुठलाच चाकू लावू नका, चीक सांध्यात जाऊन बसतो.

हे सगळं किनारपट्टीचं झालं. देशावर कोरड्या हवेत राहत असाल आणि पातं पुसायची शिस्त असेल, तर कार्बन खुशाल घ्या. ओपिनेल या फ्रेंच कंपनीचा लाकडी मुठीचा नंबर 8 दोन्ही पोलादांत मिळतो, पातं साडेआठ सेंटीमीटर, लॉकची फिरती कडीही आहे. लाकडी मुठीला जवसाचं तेल पाजावं, असं भाऊजी आता सांगतात. पाजा. पण चतुर्थीच्या घाईत जो तेल मागतो, तो चाकू मी घरात ठेवणार नाही.