गर्भजलाचा नमुना: पहिलं पाणी का टाकतात, रिपोर्टला वेळ का लागतो

ताई, तुमचे प्रश्न दोन. गर्भजल तपासणीत (पोटातून सुई घालून बाळाभोवतीचं पाणी काढतात ती, अ‍ॅम्निओसेंटेसिस) सिरिंजमधलं पहिलं पाणी डॉक्टरांनी टाकून का दिलं आणि रिपोर्टला दोन आठवडे का सांगितले?

पहिले १-२ मिली टाकायलाच हवेत. पोट आणि गर्भाशयाची भिंत ओलांडताना सुईत आईच्या पेशी येतात. कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये पेशी वाढवताना, त्याच वाढल्या तर रिपोर्ट बाळाचा न येता आईचा येतो, आणि बाळ मुलगी असेल तर कॅरिओटाइप (गुणसूत्रांचा नकाशा) पाहून ही गफलत कळतही नाही. चांगली लॅब म्हणूनच आईचं थोडं रक्तही मागते आणि दोन्ही डीएनए ताडून बघते. त्यानंतर सिरिंज बदलून १५-२० मिली पाणी घेतात. सोळाव्या आठवड्यात एकूण पाणी साधारण २०० मिली असतं, तेव्हा एवढं काढल्याने बाळाला कमी पडत नाही. १५ आठवडे पूर्ण होण्याआधी मात्र ही तपासणी करू नये.

उशीर होतो तो पेशींमुळे. पाण्यात बाळाच्या त्वचेच्या, मूत्रमार्गाच्या गळालेल्या पेशी असतात. बऱ्याचशा मेलेल्या, जिवंत त्या थोड्या. त्या वाढवायला ८ ते १४ दिवस जातात. २१, १८, १३ या गुणसूत्रांपुरतं उत्तर फिश किंवा क्यूएफ-पीसीआर या, पेशी न वाढवता होणाऱ्या झटपट चाचण्यांनी दोन-तीन दिवसांत मिळतं.

घोळ बहुतेक वेळा वाहतुकीत होतो. नमुना म्हटला की बर्फात टाकायची सवय! कल्चरचा नमुना साध्या तापमानाला, निर्जंतुक नळीत न्यायचा. गोठला की पेशी संपल्या. उलट फुप्फुसांच्या परिपक्वतेसाठी लेसिथिन-स्फिंगोमायलिन (फुप्फुसांतल्या दोन स्निग्ध पदार्थांचं प्रमाण) बघायचं असेल तर बर्फच लागतो. बिलिरुबिनसाठी (रक्तपेशी फुटल्यावर तयार होणारा पिवळा पदार्थ) नळीला फॉइल गुंडाळतात, कारण उजेडात ते नष्ट होतं आणि आकडा खोटाच कमी येतो. आता आई-बाळाच्या रक्तगटाच्या विसंगतीत आधी डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करतात, त्यामुळे ही बिलिरुबिनची तपासणी क्वचितच लागते.

रंगही बोलतो. फिकट पिवळसर पाणी ठीक, हिरवट म्हणजे बाळाची शी मिसळलेली, गडद तपकिरी दिसलं तर गंभीर. लालसर बहुधा सुईमुळे. चुकून आईच्या मूत्राशयातली लघवी आल्याची शंका असेल तर क्रिएटिनिन (लघवीतून बाहेर पडणारा टाकाऊ पदार्थ) बघतात. लघवीत ते १० मिग्रॅ/डेसिलीटरच्या वर, गर्भजलात साधारण ३.५ च्या आत.

तुमचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन (बाळाच्या रक्ताविरुद्ध आईच्या शरीरात प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून) तपासणीनंतर ७२ तासांच्या आत घ्यायचं, हे आजच विचारून घ्या.