१२ जूनच्या आत अर्ज टाका

एका खासगी निवासी शाळेच्या वर्कशॉपमध्ये सुतारकाम करणाऱ्या वाचकाचं पत्र समोर आहे. १२ जून २०२४ ला, शाळा उघडायच्या तोंडावर बाकं दुरुस्त करताना कटरवर त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. संस्थेने चाळीस हजार दिले आणि शंभराच्या स्टॅम्पपेपरवर सही घेतली: पातीवरचं संरक्षक कव्हर मीच काढलं होतं, तक्रार नाही, यापुढे काही मागणार नाही. 'सही केली म्हणजे हक्क गेला का?' असा त्यांचा प्रश्न आहे. अशी पत्रं मला वरचेवर येतात, कधी शिपायाचं, कधी वायरमनचं. स्टॅम्पपेपर बहुतेकांत असतोच.

सहीने हक्क गेलेला नाही. तो १२ जून २०२६ ला जाईल, आणि या तारखेचा तुमच्या पत्रात उल्लेखसुद्धा नाही. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या कलम १० प्रमाणे अपघातापासून दोन वर्षांत दावा दाखल व्हावा लागतो. 'साहेब बघू म्हणाले' एवढ्यावर तुम्ही बावीस महिने काढलेत! सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, हे खरं. पण साहेबांच्या शब्दावर थांबलो हे कारण पटेलच असं नाही, आणि नुसत्या त्या माफीच्या अर्जावर किती तारखा पडतात हे कोर्टाची पायरी चढलेल्यांना विचारा. त्यात मे महिना सुट्ट्यांचा. त्यामुळे याच आठवड्यात वकील गाठा. तुम्ही आता गावी राहता, तर दावा तुमच्या राहत्या जिल्ह्यातही करता येतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली असली तरी तुमचा अपघात त्याआधीचा आहे. हक्क जुन्या कायद्यानेच मोजला जावा, असं माझं मत आहे. अर्ज कोणत्या टेबलावर घेतात ते कामगार न्यायालयात विचारून घ्या, पण विचारण्यात महिना घालवू नका.

आता तो कागद. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कलम १७ ने रद्दबातल ठरतो, मग तो शंभराच्या स्टॅम्पवर असो की पाचशेच्या. चाळीस हजार हिशेबात वळते करून मागतील, तेवढं धरून चला.

संस्थेला त्या कागदातली कव्हरची ओळ हवी होती. कामगाराने सुरक्षेचं साधन जाणूनबुजून काढलं असेल आणि त्यातून मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलेलं नसेल, तर कलम ३ मालकाला सूट देतं. पण तुम्हीच लिहिता की सागाची जाड फळी अडकते म्हणून सुपरवायझरने पान्याने कव्हर काढलं आणि ते अजून भिंतीला खिळ्यावर लटकतंय, वर भुशाचा थर बसलाय. मग तुम्ही काढलं कुठे? नुसती बेफिकिरी या कलमात बसत नाही. त्या भिंतीचा फोटो आजच कोणाकडून तरी काढून घ्या. नोटीस पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी कव्हर मशीनवर चढलेलं दिसेल.

'आम्ही शाळा आहोत, कारखाना नाही' हेही ऐकवतील. विजेच्या यंत्रावर वापरासाठी वस्तूची दुरुस्ती चालते ती जागा कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कायदा लागू असलेल्या कामांच्या यादीत बसते, असा युक्तिवाद भक्कम आहे. निकालाची हमी मी देत नाही.

रकमेचा अंदाज सांगतो. एका हाताची दोन बोटं गेल्यास पहिल्या अनुसूचीप्रमाणे कमाईच्या क्षमतेत २० टक्के घट धरतात. पगार १६,५०० असला तरी कमाल मर्यादेमुळे हिशेब १५,००० वरच होतो. त्याचे ६० टक्के ९,०००. वयानुसार कायद्यात ठरवून दिलेला चाळिसाव्या वर्षाचा गुणांक १८४.१७. गुणाकाराचे २० टक्के म्हणजे ३,३१,५०६ रुपये, शिवाय उपचाराचा खर्च आणि १२ टक्के व्याज. हात गमावलेल्या एका सुताराला सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये पूर्ण अपंगत्व मान्य केलं होतं, पण त्याचा हात कोपराच्या वरून तोडावा लागला होता. तुमच्या बाबतीत एवढी अपेक्षा धरू नका. आणि पगारपत्रक बघा. ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) कपात होत असेल तर हा दावा चालणार नाही, तिकडचेच लाभ घ्यावे लागतील.

तुमचे दोघे सहकारी अजून त्याच कटरवर आहेत म्हणता. त्यांनी संस्थेच्या सचिवांना लेखी द्यावं: कव्हर बसवा, फळी पातीपर्यंत हाताने न रेटता खाच पाडलेल्या काठीने ढकलू द्या, पाती बदलताना प्लग काढलेला असू द्या, आणि वीज गेली-आली की मशीन आपोआप सुरू होऊ नये असा स्टार्टर लावा. हातमोजे मागू नका, फिरत्या पातीत मोजा अडकला तर हात आत ओढला जातो. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्यावी आणि ती प्रत घरी ठेवावी, वर्कशॉपच्या कपाटात नको.