ग्रामपंचायतीच्या पैशातून घरकुलं: ठराव भिंतींचा नको, जागेचा मांडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं गाव, वीसेक कुटुंबांना पक्कं घर नाही, काहींचं नाव सरकारी घरकुल योजनेच्या यादीत असूनही घरकुल अडकलंय. ‘ग्रामपंचायतीने स्वतःच्या निधीतून घरं बांधून द्यावीत’ असा ठराव ग्रामसभेत टिकेल का?

ठराव मंजूर होईल, पण त्यातून घर उभं राहणार नाही. घरपट्टी-पाणीपट्टी मिळून गावाचं स्वउत्पन्न वर्षाला 4 लाख आहे असं धरा. त्यातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला-बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात. म्हणजे अनुक्रमे 60,000, 40,000 आणि 20,000 रुपये. एवढ्यात एका घराचं छतही होत नाही. केंद्राकडून आलेल्या 15 व्या वित्त आयोगाच्या (2021-26) रकमेत 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधील (बंधित) होते, 40 टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या इतर गरजांसाठी. ग्रामीण गृहनिर्माण हा राज्यघटनेच्या 11 व्या अनुसूचीतल्या 29 विषयांपैकी एक आहे, त्यामुळे विषय ग्रामपंचायतीच्या बाहेरचा नाही. तरीही या पैशातून एखाद्याच्या खासगी भिंती बांधल्या, तर लेखापरीक्षणात आक्षेप येतो आणि वसुली सरपंच-ग्रामसेवकांवर निघू शकते. म्हणून ग्रामसेवक नाही म्हणत असतील तर त्यांच्यावर रागावू नका.

भिंतींचा पैसा वरून येतो. प्रधानमंत्री आवास ग्रामीणचे सपाट भागात 1,20,000 आणि डोंगराळ भागात 1,30,000 रुपये. त्यात केंद्राचा वाटा 60 टक्के, राज्याचा 40. ही रक्कम ग्रामपंचायतीच्या खात्यावर येतच नाही, थेट लाभार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यात पडते. 2025 मध्ये राज्याने 50,000 वाढवून दिले. त्यातले 35,000 बांधकामाला, 15,000 छतावरच्या सौर संचाला. शौचालयाचे 12,000 वेगळे. रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी मिळते, 2025-26 च्या 312 रुपये दराने 28,080. सौर सोडून बेरीज 1,95,080. आता किमान 25 चौरस मीटरचं म्हणजे 269 चौरस फुटांचं घर, फुटाला 1,300 धरले तरी साडेतीन लाखांच्या घरात जातं. राहिलेले दीड लाख कुटुंब उसनवारी करून, जुन्या धाब्याचं (मातीच्या छताच्या घराचं) सागवान वापरून, स्वतः राबून भरून काढतं. पण ज्याच्या पायाखाली स्वतःची जागाच नाही, त्याला वरचा एक रुपयाही सुटत नाही. खरी अडचण तिथे आहे आणि तिथेच ग्रामपंचायतीचं चालतं.

जागा नसलेल्यांची वेगळी यादी करा. यादीत नाव असलेल्या पण भूमिहीन कुटुंबाला पंडित दीनदयाल उपाध्याय योजनेतून 500 चौरस फूट जागेसाठी 1 लाखापर्यंत मदत मिळते. एकेकट्याने प्लॉट शोधला तर मालक भाव सांगेल तो. 14 कुटुंबांनी मिळून 10 गुंठे बघा: 10,890 चौरस फुटांतले 7,000 घरांना, उरलेल्यात रस्ता आणि गटार. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतली जमीन असेल तर बिगरशेतीचं काम महसूल संहितेच्या कलम 42-ड मुळे पुष्कळ सोपं होतं. तुकडेबंदीची, म्हणजे शेतजमिनीचे फार लहान तुकडे विकायला असलेल्या बंदीची, भीती घालून खरेदी थांबवणारे भेटतील. घरकुल लाभार्थ्यासाठी 1,000 चौरस फुटांपर्यंतच्या तुकड्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीची वाट 2024 च्या नियमांनी ठेवली आहे.

जे सरकारी जागेवर आधीपासून राहतात, त्यांचं 1 जानेवारी 2011 पूर्वीचं निवासी अतिक्रमण नियमित होऊ शकतं. त्या तारखेआधीचा पुरावा लागतो: घरपट्टीची पावती, वीजबिल, मतदार यादी. गायरानावर बसलेल्यांना आशा लावू नका, तिथला मार्ग फार अवघड आहे. आणि नमुना 8 चा उतारा म्हणजे मालकी नव्हे, ती कर आकारणीची नोंद. ड्रोन मोजणी झालेल्या गावठाणात स्वामित्व योजनेची सनद, म्हणजे मालकीचा कागद, मिळते, ती प्रत्येक कुटुंबाच्या हातात पडली का ते ग्रामसभेत नावं वाचून विचारा.

ग्रामपंचायतीने आपला पैसा घालायचा तो या नव्या वस्तीच्या नळाला, गटारीला, रस्त्याला. पाणी-गटार बंधित निधीतून, रस्ता अबंधितातून. तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातलं पेसा गाव (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्यातलं) असेल तर 5 टक्के अबंध निधीही येतो आणि तो कुठे वापरायचा ते ग्रामसभाच ठरवते. काम विकास आराखड्यात नसेल तर पैसे निघत नाहीत, म्हणून आराखड्याची ग्रामसभा चुकवू नका.

अडकलेल्या घरकुलांचं कारण बहुतेक वेळा पैशाचं नसतं. रोजगार हमीचं जॉबकार्ड, आधार आणि पासबुकावर नावाची तीन रूपं असतात. दिवाळीनंतर कुटुंब ऊसतोडीला जातं, जोत्याचा जिओटॅग (जागेची नोंद असलेला) फोटो घ्यायला माणूस येतो तेव्हा घराला कुलूप, आणि पुढचा हप्ता थांबतो. ऊसतोडीच्या मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेण्याआधी जोता पूर्ण करून फोटो काढून घ्या. रोजगार हमीच्या मजुरीचा हजेरीपट मागणी केल्याशिवाय निघत नाही. काम संपल्यावर मागितलेली मजुरी मिळत नाही. या योजनेत ठेकेदाराला परवानगी नाही, तरी ‘पूर्ण घर मी बांधून देतो’ म्हणत पहिला हप्ता घेऊन जाणारे असतात. त्यांना दारात उभं करू नका.

घरकुलाला 5 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) वाळू मोफत आहे, वाहतूक मात्र आपली. 10 जून ते 30 सप्टेंबर नदीतून उपसा बंद असतो, त्यामुळे पांझरेची वाळू मे अखेर दारात हवी. आणि पाया! काळ्या मातीत तीन फुटांवर थांबलेला पाया पहिल्याच पावसाळ्यात दगा देतो, कारण ती माती भिजली की फुगते, सुकली की आकसते. मुरूम लागेपर्यंत खोदा, जोत्यात तीच काळी माती परत भरू नका. जुनं धाबं एकदम पाडू नका. अर्ध्यात राहता येतं तोवर राहा, नाहीतर पावसात लेकरंबाळं उघड्यावर येतात.

नगरपालिका, महापालिका हद्दीत हिशोब वेगळा: स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्याला केंद्राचे 1.5 आणि राज्याचा 1 असे अडीच लाख. स्थानिक संस्थेने कर्ज काढून घरं बांधण्याचा प्रयोग जळगाव नगरपालिकेने 1990 च्या दशकात केला. हजारो घरांचं काम निघालं, पुष्कळ अर्धवट राहिली, हुडको या घरबांधणीला कर्ज देणाऱ्या सरकारी कंपनीचं कर्ज शहराच्या मानगुटीवर बसलं आणि 2019 मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयाने त्या प्रकरणात 48 जणांना दोषी ठरवलं. तुमच्या गावात कुणी कर्जाची सूचना मांडली तर हे आठवून द्या.

ठरावात चार गोष्टी लिहून घ्या: भूमिहीन लाभार्थ्यांची नावं, जागेचा गट नंबर, आराखड्यात धरायची कामं आणि पंचायत समितीकडे प्रस्ताव जाण्याची तारीख. प्रत ग्रामसेवकांच्या सहीशिक्क्याची त्याच दिवशी मागून घ्या.