मरणाऱ्या माणसाजवळ राहून जगण्याबद्दल काय शिकता येतं?

तुम्ही लिहिलंय की आजोबांचे आता फार दिवस उरले नाहीत असं डॉक्टर म्हणाले. त्यांच्याजवळ राहिलं तर जगण्याबद्दल काही शिकायला मिळेल का, आणि त्यांच्याशी बोलायचं तरी काय?

शिकायला म्हणून बसणार असाल तर नका बसू. मरायला टेकलेला माणूस शिकवणी घेत नाही. माझ्या बाबांचं शेवटचं धड कळेल असं वाक्य होतं, ‘टाकी भरली का बे?’ मे महिना होता, नळ जाऊन-येऊन होता, काळजी रास्तच होती. मी मोटर लावून आलो तोवर त्यांचा डोळा लागला होता. पुढे चार दिवस जगले, पण वाक्य असं नाही.

मी नंदनवनला कुलर आणि पाण्याच्या मोटरी दुरुस्त करतो. नागपुरात या धंद्याचं वर्ष म्हणजे मार्चअखेर ते मिरग, बाकी माशा मारणं. 2018 च्या मे महिन्यात मी एकोणीस दिवस दुकान बंद ठेवलं. गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या, दोन पक्की गिऱ्हाइकं कायमची गेली. हे मुद्दाम सांगतोय, कारण आमच्या घरात त्या एकोणीस दिवसांचं नाव ‘बाबांना उपाशी मारलं’ असं पडलंय. नाव ठेवणारी माझी मोठी बहीण. पुण्याला असते.

बाबा एम्प्रेस मिलमध्ये विणकर होते. जमशेटजी टाटांनी 1877 मध्ये सुरू केलेली ती मिल 2002 मध्ये बंद पडली, आता तिथे मॉल आहे. मागाच्या खडखडाटात तीस वर्षं काढल्यामुळे बाबांना कमी ऐकू यायचं आणि घरातही ते ओरडूनच बोलायचे. शांततेत त्यांना झोप यायची नाही. आमचा लोखंडी कुलर ट्रकसारखा आवाज करायचा. त्याचं बेअरिंग बदलू का म्हटलं की म्हणायचे, ‘राहू दे, चांगला वाजून राह्यला.’ लाइट गेली, कुलर थांबला, की टक्क जागे.

फुफ्फुसाचा कॅन्सर होता, हाडांत उतरलेला. दोन केमो घेतले आणि तिसऱ्याला बाबांनीच नाही म्हटलं. त्या वर्षी 9 मार्चला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, की बरं न होणाऱ्या आजारात नळ्या-मशीन नको असं माणूस आधी लिहून ठेवू शकतो. बाबांनी पेपरातल्या त्या बातमीभोवती पेनने गोल काढून पेपर माझ्यापुढे सरकवला. ‘हे माह्यासाठी आहे.’ तेव्हा त्या कागदावर मॅजिस्ट्रेटची सही लागायची. कोण करतं एवढं, राहून गेलं. माझी चूक. 2023 च्या जानेवारीत कोर्टाने ते सोपं केलं, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. आजोबांना समजतंय आणि सही करता येतेय तोवर त्यांना विचारा. शिकायचं नंतर.

कागद नव्हता म्हणून ताई आली आणि तिने बाबांना एका खाजगी दवाखान्याच्या आयसीयूत टाकलं. तीन दिवस. सलाइनने पाय सुजले, हात बांधून ठेवले होते, भेट सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं. चौथ्या दिवशी मी सह्या करून त्यांना घरी आणलं. एकोणीस दिवस मोजायचे ते तिथून.

आता खाण्याचं. पहिल्या दिवशी खायला घालणारा मीच होतो, हे ताई कधी सांगत नाही. मुगाच्या वरणाचं पाणी, मीठ-लिंबू घालून, चमच्याने. बाबा ओठ मिटून घेत होते आणि मी ‘एक, फक्त एक’ करत होतो. चौथा चमचा श्वासनलिकेत गेला. ठसका थांबेना. ओठ निळे पडले, डोळ्यांतून पाणी, आणि त्यांनी माझं मनगट असं धरलं की नखं रुतली. पाऊण तासाने श्वास जागेवर आला. त्यानंतर मी घास भरवला नाही. त्यांनी तोंड उघडलं तर द्यायचं, नाहीतर ओल्या कापसाने ओठ आणि जीभ पुसायची, ओठांना तूप लावायचं. घरी येणारे डॉक्टर म्हणाले, शरीर बंद होत आलं की त्याला अन्न नको असतं. खात नाही म्हणून माणूस मरत नाही, मरायला लागला म्हणून खात नाही. हे वाक्य ताईला मी निदान पन्नास वेळा ऐकवलंय.

तिचं उत्तर एकच, त्या हाताचं. शेवटच्या तीन-चार दिवसांत बाबांचा उजवा हात सारखा चालायचा. चादरीची किनार अंगठा आणि तर्जनीत धरायचे, चिमटीत पीळ द्यायचे, मग हात तोंडाशी न्यायचे, ओठ पुढे काढायचे, पुन्हा खाली. ताई रडायची, ‘बघ, घास मागताहेत.’ मी लहानपणी मिलच्या गोष्टी ऐकल्या होत्या. धागा तुटला की विणकर चिमटीत गाठ मारायचा, आणि धोट्याच्या, म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी तुकड्याच्या, भोकातून धागा ओढून घ्यायला धोटा तोंडाला लावून श्वास आत घ्यायचा. बाबा तेच करत होते. मी शपथेवर सांगायला तयार होतो. रात्रपाळीची नर्सबाई तिसरंच म्हणाली, ‘भाऊ, शेवटी पुष्कळ लोकं असं चादर चाचपतात. कपड्याच्या दुकानवालेही आणि तहसीलदारही.’ ताईने भूक पाहिली, मी मिल पाहिली. तरी मी धोट्यावर ठाम आहे.

एक दिवस मी विनोबांचं नाव काढलं. पवनार इथून किती दूर? नोव्हेंबर 1982 मध्ये त्यांनी अन्न, पाणी, औषध सोडलं आणि 15 तारखेला गेले. बाबा हे नेहमी सांगायचे. ताई म्हणाली, ‘विनोबा संत होते. बाबा चहात तीन चमचे साखर घेत होते.’ याला उत्तर नाही. तिच्या अख्ख्या भांडणात हा एक मुद्दा मला मान्य आहे.

मॉर्फिनचंही सांगून टाकतो. हाडाचं दुखणं साध्या गोळीने राहत नाही. गोळ्या सुरू करायच्या तर ‘व्यसन लागेल’ म्हणून मीच दोन दिवस घालवले. शहात्तर वर्षांच्या, महिन्याभराच्या पाहुण्या माणसाला व्यसन लागेल म्हणे! ते दोन दिवस ते रात्रभर कण्हत होते आणि तो हिशेब माझ्याच नावावर आहे. 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे दवाखानेसुद्धा हे औषध ठेवायला भ्यायचे. 2014 मध्ये कायदा बदलून थोडी मोकळीक झाली, तरी गल्लीतल्या मेडिकलमध्ये ते मिळत नाही, मान्यता असलेल्या दवाखान्यातूनच आणावं लागतं. गोळी दर चार तासांनी, घड्याळ लावून, दुखायची वाट न बघता. सोबत पोट साफ व्हायचं औषध हवंच, नाहीतर बद्धकोष्ठ दुखण्यापेक्षा छळतं.

काय बोलायचं म्हणता? मी काहीच बोललो नाही. उघडलेली मोटर घरी आणून त्यांच्या खाटेजवळ वाइंडिंग करत बसायचो. मला वाटतं त्यांना ते आवडायचं. येणारे-जाणारे मात्र बोलायचे, ‘काका, ओळखलं का? सांगा मी कोण?’ अरे, तो काय परीक्षेला बसलाय? खोलीत येणारा प्रत्येक जण काहीतरी करायला बघतो. पाय चेपतो, पोथी लावतो, नारळपाणी आणतो, दुसऱ्या डॉक्टरचा नंबर देतो. त्यातलं निम्मं स्वतःची भीती घालवायला असतं. माझे ते चार चमचेही त्यातलेच, आणि ताईची आयसीयूसुद्धा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर जवळ असेल तर इथेच कुठेतरी असेल. मला त्यापुढे मांडता येत नाही.

हे आधी लिहायला हवं होतं: आमचं दुखणं बरं होणारं नव्हतं आणि बाबांनी स्वतः नको म्हटलं होतं. तुमच्या आजोबांचं निराळं असू शकतं. नुसता ताप, जंतुसंसर्ग किंवा तोंड आल्यामुळे जेवण सुटलं असेल तर त्यावर उपचार आहेत. माझं वाचून घास बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. आणि आयसीयूने बरे होऊन चालत घरी आलेले लोक माझ्याच गल्लीत आहेत. घरी ठेवलंत तर दर दोन तासांनी कूस बदला, एअर बेड भाड्याने मिळतो.

अजून एक, हे कोणी सांगत नाही. घरी गेले तर मृत्यूच्या कारणाचा दाखला, फॉर्म 4अ, डॉक्टरच देतात. घाटावर आणि पुढे महानगरपालिकेत त्याच्यावाचून अडतं, तेव्हा कोणते डॉक्टर येतील हे आधीच बोलून ठेवा. आम्ही ठेवलं नव्हतं. रविवार होता, दुपारी दोनला बाबा गेले, बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि डॉक्टर यायला साडेचार झाले. आम्ही दोघं खाटेच्या दोन बाजूंना बसलो होतो. ताईने कुलर बंद केला होता. थोड्या वेळाने मी उठून पुन्हा लावला. ती काही बोलली नाही.