रिपोर्ट नॉर्मल, मग दुखतंय काय?

प्रश्न : ताई, वय ४३, नोकरी करते. दोन वर्षं झाली अंग दुखतंय, एक जागा अशी नाहीच, आज मान-खांदे तर उद्या मांड्या, ओली चादर पिळायला घेतली तरी मनगटापासून वर कळ जाते. आठ तास झोपून सकाळी उठते ती रात्रभर पोती वाहिल्यासारखी. ईएसआर, आरए फॅक्टर (सूज आणि संधिवातासाठीच्या रक्ततपासण्या), एक्सरे सगळं नॉर्मल. आता डॉक्टर फायब्रोमायल्जिया म्हणतात आणि सासूबाई म्हणतात मनाचे खेळ. मागच्या रविवारी जरा बरं वाटलं म्हणून अख्खा माळा साफ केला तर पुढे तीन दिवस रजा. हे बरं होतं का कधी?
— एक वाचक, सांगली

उत्तर : मनाचे खेळ नाहीत हो, सासूबाईंनाही वाचायला द्या हे. फायब्रोमायल्जियात बिघाड हाडात किंवा सांध्यात नसतोच मुळी, म्हणून तिथल्या तपासण्या नॉर्मल येतात. राखणीचा कुत्रा दूधवाल्यावर पण चोरासारखाच भुंकायला लागावा तसं मेंदू आणि मज्जारज्जूचं होतं, साधा दाब सुद्धा दुखणं म्हणून कळतो. पूर्वी १८ ठराविक जागा दाबून त्यातल्या ११ दुखतात का बघायचे, २०१० च्या निकषांत ते काढून टाकलं, आता दुखणं किती भागांत पसरलंय, झोप, थकवा, विसरायला होणं आणि हे सगळं तीन महिने तरी टिकलंय का हे बघतात. थायरॉइड, बी१२, डी व्हिटॅमिन राहिलं असेल तर तेवढं करून घ्या.

तुमच्या पत्रात मला खटकला तो माळा. बरं वाटलं की साठलेलं सगळं उरकायचं आणि मग आडवं पडायचं, बहुतेकींचं इथंच चुकतं (आपल्याकडे बायकांना अर्धवट काम सोडून उठायची लाज वाटते ना). माळा काढायचाच तर एक डबा, १५ मिनिटं, आणि अजून जमतंय असं वाटत असतानाच खाली उतरायचं. चालणं पण तसंच, सुरुवातीला रोज १० मिनिटं, बऱ्या दिवशी २५ नाही आणि वाईट दिवशी शून्य नाही, वाढवायचं ते दोन-दोन आठवड्यांनी. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या २०१६ च्या शिफारशींत ठाम शिफारस मिळाली ती फक्त व्यायामालाच.

प्रीगॅबॅलिन, ड्युलोक्सेटिन, रात्री थोडी अमिट्रिप्टिलिन या औषधांनी काहींना फरक पडतो, गरगरतं किंवा वजन वाढतं असं झालं तर डॉक्टरांना सांगा, मनाने बंद करू नका. रोजच्या पेनकिलरचा मात्र इथे फारसा उपयोग नाही, पोट आणि किडनीला त्रास तेवढा.

पूर्ण जाईल असं वचन मी देणार नाही, पण यात सांधे झिजत नाहीत, बोटं वाकडी होत नाहीत आणि कित्येकींचं दुखणं आटोक्यात येतं. आणि ती चादर घरातल्या पुरुषांकडे द्या पिळायला, त्यांचे खांदे कुठे दुखतायत.