सगळ्यांचं कळतं, माझंच कळत नाही

"सगळ्यांचं मला कळतं हो मॅडम, माझंच मला कळत नाही." सांगली-मिरजेत समुपदेशन करताना हे वाक्य सतत कानावर येतं. बायकांकडून जास्त, पण पुरुषांकडूनही. अलीकडे त्याला एक नवी जोड मिळाली आहे. मोबाईलवर व्यक्तिमत्त्वाची चाचणी झालेली असते, स्वभावाचा प्रकार सांगणारी चार इंग्रजी अक्षरं हातात पडलेली असतात आणि त्यांचा अर्थ वाचून माणूस आधीपेक्षा जास्त धास्तावलेला असतो.

अशाच एका ताईंचा अनुभव त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. ताई चाळिशीच्या. एका पतसंस्थेत कर्ज विभाग बघतात. यजमानांचा मार्केट यार्डात हळदीचा व्यापार. घरात सासूबाई आणि अकरावीतली मुलगी. चाचणी मुलीनेच करून घेतली. निकाल आला ई-एन-एफ-जे. लोकांना समजून घेणारा, जोडणारा, दुसऱ्याच्या भल्यासाठी पुढाकार घेणारा स्वभाव. "आई, अगदी तूच ही!" म्हणून मुलगी खूश झाली. ताईंनी मात्र रात्री जागून पुढचं वाचलं. त्यात मनाच्या चार कार्यांची उतरंड दिलेली होती. पहिली बहिर्मुख भावना, दुसरं अंतर्मुख अंतर्ज्ञान, तिसरं बहिर्मुख संवेदन आणि सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत दुबळा, अंतर्मुख विचार.

"म्हणजे मला डोकंच नाही असं की ओ," त्या म्हणाल्या. हसत म्हणाल्या, पण डोळे भरले होते. "आणि भावना बहिर्मुख म्हणजे नुसत्या दाखवायच्या? खरंय ते. सासूबाईंपुढं मी वेगळी, साहेबांपुढं वेगळी, माहेरी वेगळी. मग ह्यातली खरी कुठली?"

चाचणीच्या निकालाने माणूस एवढा हादरत नाही. आत आधीच काहीतरी दुखत असतं. ताईंचं दुखणं कर्जाचं होतं. यजमानांच्या चुलतभावाची तासगावकडे द्राक्षबाग आहे. त्याने दुसऱ्या एका पतसंस्थेतून कर्ज काढलं, त्याला जामीनदार हवा होता. "वहिनी, तुम्ही सही केली की काम होतंय," एवढं म्हणून तो समोर बसला. ताईंनी सही केली. लागोपाठ दोन हंगाम अवकाळी पावसात गेले, खतवाल्याची उधारी वाढली, हप्ते थकले आणि नोटीस ताईंच्या नावानेही आली. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, हे १८७२ च्या भारतीय करार कायद्यातलं कलम ताई रोज दुसऱ्यांना समजावून सांगतात. "आणि मला आतून ठाऊक होतं मॅडम, की हे फिटायचं नाही. सही करतानाच ठाऊक होतं."

या शेवटच्या वाक्यापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. पण आधी त्या उतरंडीबद्दल सांगायला हवं, कारण भीती तिथूनच सुरू झाली होती.

ही मांडणी मूळची कार्ल युंग या स्विस मनोविकारतज्ज्ञाची, १९२१ सालची. माणूस जग चार वाटांनी समजून घेतो, असं त्यांनी मांडलं. संवेदन म्हणजे समोर काय आहे ते टिपणं. अंतर्ज्ञान म्हणजे ते कुठे चाललं आहे याचा अंदाज येणं. विचार म्हणजे ते तर्काला धरून आहे का हे तपासणं. भावना म्हणजे त्याचं माणसांच्या लेखी मोल काय हे ठरवणं. युंग यांच्या मते विचार आणि भावना ही दोन्ही निवाडा करणारी, विवेकाची कार्यं आहेत. इथे भावना म्हणजे चटकन रडू येणं नव्हे. कुणाचा मान राखला गेला, कोण दुखावलं, इथे काय योग्य ठरेल हे जोखणं म्हणजे भावना, आणि त्याला डोकंच लागतं. ही चारही कार्यं बहिर्मुख, म्हणजे बाहेरच्या माणसांकडे-गोष्टींकडे वळलेली, किंवा अंतर्मुख, म्हणजे स्वतःच्या आतल्या जगाकडे वळलेली, असू शकतात. पुढे अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी या मांडणीवरून प्रश्नावली तयार केली आणि त्यातून आजचे १६ प्रकार आले.

उतरंडीत चौथं म्हणजे नसलेलं नव्हे. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला डावा हात असतोच. तो वळणदार लिहीत नाही, लवकर दमतो, म्हणून आपण तो पुढे करत नाही, एवढंच. ताईंना मी विचारलं, "ऑफिसात एखाद्याचं कर्ज तुम्ही नाकारता तेव्हा काय करता?" त्यांनी क्षणात सांगितलं. सातबारा बघते, आधीचा बोजा बघते, उत्पन्न आणि हप्ता यांचा मेळ बसत नसेल तर फाईल परत. "वाईट नाही वाटत?" "वाटतं की. पण ठेवीदारांचा पैसा आहे तो. म्हाताऱ्या माणसांनी पेन्शनीतनं ठेवलेला असतो."

मग पुराचा विषय निघाला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याने ५७ फूट ओलांडले. धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे, म्हणजे काय झालं असेल याची कल्पना बाहेरच्यांनाही यावी. ताईंचं घर वाचलं. वरच्या भागातल्या एका शाळेत पूरग्रस्तांची सोय होती, तिथे त्यांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. हे सांगताना त्यांचा चेहराच पालटला. कुणाला मधुमेह आहे, कुणाची सून बाळंतीण आहे, कोण मागायला लाजतंय आणि उपाशीच झोपणार आहे, हे त्यांना न विचारता कळत होतं. हीच ती बहिर्मुख भावना. आजचं धान्य परवा संपणार आणि मग भांडणं लागणार, हे त्यांनी आधीच ओळखलं. हे अंतर्ज्ञान. आणि दूध लहान मुलांनाच मिळेल, मोठ्यांना चहा नाही, असा नियम करून तो त्यांनी पाळायला लावला. एका वजनदार माणसाने आवाज चढवला तरी मोडला नाही.

"हा नियम कुणी केला?" मी विचारलं.

"मीच."

"मग विचार दुबळा कुठाय?"

ताई गप्प राहिल्या. मग सावकाश म्हणाल्या, "तिथं मला ती पोरं दिसत होती."

या स्वभावाच्या माणसांबाबत माझं म्हणणं हेच आहे. यांना तर्क येतो, नकारही देता येतो, पण त्या नकारामागे कुणीतरी माणूस उभा दिसला तरच. ठेवीदार दिसले, बाळं दिसली, की यांच्याइतकं कणखर कुणी नाही. सही करताना मात्र ताईंना एकच माणूस दिसत होता, समोर बसलेला दीर. त्या कर्जाच्या पलीकडे मुलीची फी होती, यजमानांचं खेळतं भांडवल होतं, त्या स्वतः होत्या. यातलं कुणीच त्या क्षणी मोजणीत नव्हतं. म्हणून 'जरा स्वार्थी व्हा', 'नाही म्हणायला शिका' असला सल्ला मी अशा लोकांना देत नाही. तो त्यांच्या स्वभावाच्या विरुद्ध जातो, त्यांना तो हलका वाटतो, आणि जमला नाही की अपराधीपणात आणखी भर पडते. मी म्हणते, माणसं मोजताय ना? मग सगळी मोजा, आणि त्यात स्वतःला धरा.

आता 'आतून ठाऊक होतं' या वाक्याकडे येऊ. डॅनियल बॅटसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी दुसऱ्याचं दुःख पाहून मनात उठणाऱ्या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या. एक म्हणजे त्या माणसाबद्दलची कळकळ. दुसरी म्हणजे ते पाहून आपल्याला स्वतःला होणारा त्रास. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. पण त्यांच्या प्रयोगांत, तिथून सहज निघून जाण्याची वाट असली की फक्त स्वतःचा त्रास वाटणारी माणसं बहुतेकदा निघून गेली आणि कळकळ वाटणारी मदतीला थांबली. मी ताईंना विचारलं, "सही केली तेव्हा भावजींचं भलं होईल असं वाटलं होतं, की त्यांचा उतरलेला चेहरा बघवत नव्हता?"

"बघवत नव्हता. ते उठून जावेत असं झालं होतं मला."

हे कबूल करणं सोपं नसतं. पण त्याचा फायदा फार मोठा. कळकळ असती तर 'आणखी कर्ज घेऊ नका भावजी, आधी उधारी मिटवू' असं त्या तेव्हाच म्हणाल्या असत्या. जे आतून कळलं होतं ते बोललं गेलं नाही, कारण बोलल्यावर समोरचा चेहरा आणखी पडला असता.

'खरी मी कोण' या प्रश्नाचाही धागा इथेच आहे. बहिर्मुख भावनेचा माणूस समोरच्याप्रमाणे सूर बदलतो. सासूबाईंशी एका सुरात, साहेबांशी दुसऱ्या. यात खोटेपणा नाही, पाहुण्याला त्याच्या आवडीचा चहा देणारी बाई खोटी नसते. युंग यांनी मात्र एक धोका नोंदवून ठेवला आहे. बाहेरच्याचा ओढा फार वाढला की या भावनेतला आपलेपणा आटतो, ती कोरडी होते, आणि तीच माणसं लोकांना नाटकी वाटू लागतात. ताईंना स्वतःबद्दल तेच वाटू लागलं होतं. त्यांचा स्वभाव खोटा नव्हता. त्या थकल्या होत्या.

थकव्याची खूणही ठळक होती. नोटीस आल्यापासून ताई रात्री वहीत हिशेब लिहायच्या. पैशांचा नव्हे, माणसांचा. कुणाच्या आजारपणात आपण किती रात्री काढल्या, आपल्या ऑपरेशनला कोण आलं नाही. दिवसा मुलीच्या बोलण्यातल्या चुका काढायच्या, अगदी वकिली थाटात, आणि ती रडली की स्वतः रडायच्या. मुलगी म्हणायची, "आई, तू अशी नव्हतीस." युंगांच्या परंपरेत याचा अर्थ असा लावतात की पहिलं कार्य दमलं की चौथं ताबा घेतं, आणि ते कच्चं असल्यामुळे कडवट, टोकाचं होऊन येतं. मला हे निरीक्षण कामात उपयोगी पडतं. ती वही आम्ही फाडली नाही. तिच्यात एक पान वाढवलं, 'मी न मागता केलेलं' आणि 'मागितल्यावर केलेलं' असे दोन रकाने करून. पहिला रकाना इतका भरला की ताई स्वतःच म्हणाल्या, "ह्यातलं निम्मं तर कुणी मागितलंच नव्हतं."

सोबत शरीराकडेही लक्ष दिलं. तिसरं कार्य संवेदनाचं, हाताला-डोळ्याला काम देणारं. ताई सकाळी घाटावर चालायला जाऊ लागल्या, फोन घरी ठेवून. फोन घरी ठेवणं चालण्यापेक्षा अवघड गेलं.

चाचणीबद्दल स्पष्ट सांगते, कारण हल्ली लोक लग्नं आणि नोकऱ्यासुद्धा या अक्षरांवर ठरवायला निघाले आहेत. काही आठवड्यांनी हीच प्रश्नावली पुन्हा भरली तर अनेकांची एखाद-दोन अक्षरं बदलतात. माणसं बहुतेक मधल्या पट्ट्यात असतात, इकडची किंवा तिकडची नसतात. कार्यांच्या उतरंडीला संशोधनाचा आधार तोकडा आहे. मोबाईलवरच्या फुकट चाचण्या तर मूळ प्रश्नावलीही नव्हेत. त्यामुळे मी या अक्षरांवरून निदान करत नाही. ताई स्वतः ती घेऊन आल्या, त्यांना त्या भाषेत बोलणं सोपं जात होतं, म्हणून आम्ही ती वापरली. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तो स्वभावाचा प्रकार समजून बसू नका. डॉक्टरांना दाखवा. १४४१६ या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी टेलिमानस क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. ताईंचीही ही तपासणी मी पहिल्याच भेटीत केली होती.

पुढे ताई यजमानांना घेऊन तासगावला गेल्या. काय बोलायचं ते आम्ही आधी ठरवून, बोलून पाहिलं होतं. "भावजी, मी रागानं आलेली नाही. तुमची काळजी आहेच. पण माझ्या घरातही तीन माणसं आहेत, त्यांचंही मला बघायचंय." मग ऑफिसात बसतात तशा कागद घेऊन बसल्या. बेदाण्याचे किती येणार, खतवाल्याचं किती, हप्ता किती. दिराने जुना ट्रॅक्टर विकून थकबाकीतली काही रक्कम भरली, बाकीच्यासाठी पतसंस्थेकडे मुदतवाढीचा अर्ज दिला. त्याचं उत्तर अजून यायचं आहे. ताईंचं नाव जामिनावरून सुटलेलं नाही, एवढ्यात सुटणारही नाही. आता कुणी काही मागायला आलं की त्या "दोन दिवसांनी सांगते" म्हणतात आणि त्या दोन दिवसांत वहीत सगळ्यांची नावं लिहितात, स्वतःचं धरून.

तासगावच्या जाऊबाई मात्र दुखावल्या. त्यांनी हळदीकुंकवाला बोलावलं नाही, फोनही घेत नाहीत. ताईंना हे फार लागतं. समजूत काढायला तिकडे धावत जावं असं रोज वाटतं. सध्या आमचं काम यावरच चाललं आहे. कुणीतरी आपल्यावर नाराज आहे हे ठाऊक असतानाही जेवायला बसता येणं, आणि नीट जेवता येणं. मागच्या भेटीत त्या म्हणाल्या, आठवड्यातले काही दिवस जमतं, सणावाराला अजून जमत नाही.