४५० वॅटच्या एसएमपीएसवर (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड चालेल का?

नुसत्या ४५० या आकड्यावरून सांगता येणार नाही. कॅबिनेटची बाजू उघडा आणि एसएमपीएसवरचं लेबल वाचा. तिथे +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघायचं, कारण कार्ड आणि प्रोसेसर दोघेही जवळपास सगळी वीज तिथूनच खेचतात. १८ अँपिअर असेल तर १२ × १८ = २१६ वॅट. मग बाहेर मोठ्या अक्षरात ४५० लिहिलेलं असलं तरी उपयोग शून्य. कॅबिनेटसोबत ‘फुकट’ आलेल्या एसएमपीएसची बहुतेकदा हीच गत असते.

३०६० एकटं १७० वॅट घेतं. त्यातले मदरबोर्डच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ मिळतात, बाकीचे एसएमपीएसच्या ८ पिनच्या केबलमधून. ती केबल १५० वॅटपर्यंतची. रायझन ५ ५६०० सारखा प्रोसेसर, पंखे, एसएसडी धरून मशीन साधारण ३०० वॅटच्या आसपास जाईल. शिवाय कार्ड क्षणभर याहून बरंच जास्त ओढतं, म्हणून ३०६० बनवणारी एनव्हिडिया ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते.

थोडक्यात, चांगल्या कंपनीचा, १२ व्होल्टवर ३५ अँपिअरच्या पुढे देणारा ४५० असेल तर चालून जाईल. नवीनच घेणार असाल तर सरळ ५५० घ्या.

आणि हो, ८ पिनची केबल नाही म्हणून दुकानदार मोलेक्सचं (जुन्या ४ पिनच्या प्लगचं) कन्व्हर्टर हातात टेकवेल. ते अजिबात लावू नका, वायर वितळू शकते.